पासंग

आमच्या स्टेशनाला नाव नव्हतं, आकडा होता:
किलोमीटर त्रेसष्ट.
अर्जेंटिनाच्या उत्तरेला, चाकोच्या काटेरी रानात,
नाव ठेवायला कंपनीला उसंतच नव्हती.
मोठ्या लाइनीतून फुटलेला हा फाटा,
मीटरभर रुंद, एकेरी,
माणसांसाठी नव्हताच.
माणसं बसत ओंडक्यांवर, फुकट,
पडली तर स्वतःच्या खात्यावर.

केब्राचो, म्हणजे कुऱ्हाडमोड्या.
लाल लाकूड; पाण्यात टाकलं तर
दगडासारखं तळ गाठतं.
त्याच्या अर्कात कातडी कमावतात.
दूर कुठे युद्ध पेटलं की
सैनिकांच्या बुटांसाठी
आमचं रान उभ्याउभ्या सोलून निघे.
आणि रुळांखालचे स्लीपरही केब्राचोचेच:
रान आपल्याच हाडांवरून
वाघिणींत बसून कारखान्याला जायचं.

माझे वडील, एर्मेनेहिल्दो साबालेता,
काट्यावरचे कारकून.
सोळा वर्षं त्यांनी ओंडक्यांच्या बैलगाड्या तोलल्या.
तोडणाऱ्याला टनावर मजुरी,
तीही पितळी बिल्ल्यांत,
कंपनीच्याच दुकानात चालणाऱ्या.
काट्याच्या दांडीमागे, जिथे फक्त वडिलांचा हात पोचे,
मूठभर लोखंडाचा तुकडा बांधलेला होता.
पासंग.
बांधला होता साहेबाने.
रोज सकाळी फडक्याने पुसत ते वडील.

टनामागे नव्वद किलो.

रात्री कंदिलापाशी ते दुसरी वही लिहीत.
आईला वाटायचं, कुणीतरी बाई असणार,
पत्रं लिहितोय तिला.

मग आफ्रिकेत म्हणे बाभळीच्या जातीचं एक झाड निघालं,
दहा वर्षांत तोडीला येणारं.
आमचं शंभर मागायचं.
एका मंगळवारी कारखान्याचा भोंगा वाजला नाही.
शेवटच्या गाडीला अकरा वाघिणी, नऊ रिकाम्या.
त्या गेल्या, आणि त्या उन्हाळ्यानंतर
आमच्याकडचा ठिपक्यांचा वाघही कुणाला दिसला नाही.
रूळ भंगारवाल्याने उपटले.
स्लीपरला त्याने हात लावला नाही;
जड, म्हणाला, आणि घेणार कोण.

निकानोर आयाला आला तेव्हा अंधार पडत होता.
डाव्या हाताची दोन बोटं नव्हती.
वहीचं त्याला कुठून कळलं, देव जाणे.
वडील दारातच म्हणाले, द्यायला माझ्याकडे काही नाही.
मागायला नाही आलो, तो म्हणाला,
ऐकायला आलोय. वाचा.

चौदा मे. लिहिले दोन टन शंभर,
खरे दोन टन दोनशे नव्वद.
पंधरा मे.
सोळा मे.
मी उंबऱ्यावर, जागी.
मध्येच तो हात वर करी:
हे झाड आठवतं, आत मधमाश्या होत्या.
किंवा: जून संपताना चार दिवस नसतील बघा,
पोरगी गेली तेव्हा माझी.
वडील पान उलटून बघत.
नव्हते.

कोंबडा आरवायच्या आधी बेरीज झाली.
निकानोरने ती ओठांतल्या ओठांत पुन्हा म्हटली,
टोपी डोक्यावर ठेवली, उठताना कमरेला हात लावला.
"तरीच," म्हणाला, "तरीच पाठ इतकी दुखते."

वडील त्यानंतर वहीला शिवले नाहीत.
तिची पानं आईने चुलीला लावली की आणखी कुणी,
मी कधी विचारलं नाही.

परवा विद्यापीठातली एक मुलगी आली, नकाशे घेऊन.
आजी, लाइन नेमकी कुठून जायची?
म्हटलं, गवतातून अनवाणी चाल.
जिथे ठेच लागेल, तिथून.

स्वयंपाकघराच्या दाराला टेकवून ठेवलेला
लोखंडाचा तुकडा तिने उचलून पाहिला.
उत्तरेचा वारा सुटला की दार आपटतं, म्हणून ठेवलाय.
किती असेल हो वजन?

घरात काटा नाही, मी म्हटलं.
ठेव तिथेच.